जबड्याचा एमआरआय समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे रोज किती पेशंट येतात, त्यात माझी आई लक्षात असेलच असं नाही. पण आमच्या घरात तुमचं नाव निघतं, म्हणून हे पत्र.

आईला आधी कान दुखतो असं वाटायचं. कान तपासला, काही निघालं नाही. मग एके ठिकाणी अक्कलदाढ काढली, तरी ठणका तसाच. पुढे तोंडात दोन बोटंही जाईनात. सोलापुरातल्या घरात कडक भाकरी पाण्यात भिजवून गिळायची वेळ आली. दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढला, त्यात हाड ठीक दिसलं. त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही आधी आईच्या कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलंत. पूर्वी कट्‌कन आवाज यायचा का, आणि तो कधी बंद झाला, असं विचारलंत. हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मंगळसूत्र काढताना आई घुटमळली, तेव्हा तुम्ही तिला अजिबात घाई केली नाहीत. मशीनच्या आवाजाची कल्पना दिलीत, तर ती म्हणाली, "मागांच्या खडखडाटात जन्म गेला माझा, ह्याला काय भ्यायचं ओ!"

तोंड मिटून आणि तोंड उघडून, असे दोन्ही फोटो काढलेत. नंतर स्क्रीनपुढे बसवून आईलाच दाखवलंत: मणक्यात असते तशी छोटी गादी जबड्याच्या ह्या सांध्यातही असते. ती पुढे सरकली होती. आधी तोंड उघडताना ती जागेवर यायची, तोच तो कट्‌ आवाज. आता ती परत येतच नव्हती, म्हणून आवाज थांबला आणि जबडा अडकला. आवाज थांबला म्हणजे बरं झालं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो! साध्या एक्स-रेत हाड दिसतं, ही गादी दिसत नाही, म्हणून एमआरआय. हाडाची झीज बारकाईने बघायची असती तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या हाडाचा सीटी स्कॅन, सांगितला असता, हेही तुम्ही सांगितलंत.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तुमचं पुढचं बोलणं. काहीच त्रास नसलेल्या कित्येकांची गादीही सरकलेली दिसते, म्हणून नुसत्या फोटोवर घाबरू नका, आधी साधे उपाय करा, असं तुम्ही म्हणालात. "कापाकापी तर नाही ना ओ?" हा आईचा प्रश्न तुम्ही हसण्यावारी नेला नाहीत. दातांच्या डॉक्टरांना आमच्यासमोरच फोन लावलात.

रात्री दातांवर लावायची प्लेट, गरम शेक, मऊ जेवण आणि रोजचे व्यायाम, एवढ्यावर आईचं तोंड आता बऱ्यापैकी उघडतं. जांभई देताना अजून हात गालावर जातो, पण रात्री शांत झोपते. रिपोर्ट लिहून देणं तुमचं काम होतं. समजावून सांगायला इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. मशीनमध्ये जाताना आईच्या मानेखाली घडी घालून टॉवेल ठेवणाऱ्या तुमच्या टेक्निशियन दादांनाही आमचा नमस्कार सांगा.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी, सोलापूर