सोफ्याची चिठ्ठी मराठीत द्या ना!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलं होतं की कोणताही सोफा साबणाच्या कोमट पाण्यानं पुसला तर चालते. नाही चालत बाप्पा! आमच्या घरी हा प्रयोग आधीच होऊन गेला म्हणून लिहितो.

सुनेच्या आंदणात बदामी रंगाचा सोफा आला, दुकानदारानं स्वेडचा म्हणून दिला. नातवाच्या बारशाला एका पाहुण्याची प्लेट कलली आणि आलू-वांग्याच्या भाजीचा तर्रीवाला रस्सा सीटवर. सुनेनं धावत जाऊन कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी आणलं आणि घासलं, तर पिवळा डाग लालभडक! हळदीला चुना लावून कुंकू होते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक, पण साबणातला खारही तेच करते हे त्या वेळी कोणाला सुचलं नाही. मग साध्या पाण्यानं पुसलं, लाली गेली, पिवळं राहिलं, वरून वाळल्यावर भोवती हे एवढं पांढरं कडं, कारण आमच्या बोअरचं पाणी जड. पोरीचे डोळे भरून आले, बापानं दिलेली वस्तू ना.

नागपूरहून साळा आला होता, त्यानं सीट उलटी केली तर खाली इवलीशी पट्टी शिवलेली, तिच्यावर इंग्रजीत नुसतं 'एस' हे एक अक्षर. साळा म्हणाला, ही सफाईची खूण असते: 'डब्ल्यू' असलं तर पाण्यानं साफ करता येते, एस म्हणजे पाणी नाही, फक्त सॉल्व्हंट (स्पिरिटसारखं डाग विरघळवणारं), डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालते आणि एक्स म्हणजे व्हॅक्युम नाहीतर कोरडा ब्रश, बाकी काहीच नाही. चार अक्षरांचा खेळ, आणि तो सोफ्याच्या पोटाखाली इंग्रजीत लपवलेला.

अजून एक. खरा स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून मऊ केलेली, अन् आपल्याइकडे दुकानात स्वेड म्हणून मिळते ते बहुतेक पॉलिस्टरचं कापड असते. आमचाही तसाच निघाला. वाईट नाही, टिकते, पण खऱ्या कातड्याला जे करायचं ते याला नाही आणि याला जे चालते ते कातड्याला नाही, तर विकतानाच सांगा ना भाऊ काय विकून राहिले ते.

मग साळ्यानंच मार्ग काढला. मेडिकलमधून आयसोप्रोपिलवालं स्पिरिट आणलं, आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात थोडं लावून पाहिलं की रंग उतरते का, मग पांढऱ्या सुती फडक्यानं टिपत टिपत गेला, घासलं नाही. फडकं पिवळं होत गेलं तसं मला बरं वाटू लागलं. गॅस बंद, खिडक्या उघड्या, कारण स्पिरिट भडकते. वाळल्यावर ती जागा पापडासारखी कडक झाली, मी घाबरलो, पण जुन्या टूथब्रशनं लव उभी केली तर परत मऊ! डाग सत्तर टक्के गेला म्हणा. कडं अजून थोडं दिसते.

बाकी रोजचं सोपं आहे. सोयाबीन काढायच्या दिवसांत हडंब्याचा (मळणीयंत्राचा) भुसा घरभर उडते, तेव्हा ओलं फडकं हातातच घ्यायचं नाही, धूळ भिजली की लवेत चिखल होते. कोरडा मऊ ब्रश एकाच दिशेनं. डोक्याच्या तेलाचे डाग पडले तर रात्री कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं, सकाळी झटकायचं. पोट्ट्यांच्या पायाचे काळे पट्टे पांढऱ्या खोडरबरनं निघतात, आमच्या नातीच्या कंपासपेटीतलं वापरलं, ती रुसली. आणि उन्हाळ्यात कुलर सोफ्यासमोर ठेवू नका, शिंतोडे वाळले की ठिपके राहतात, आमच्या शेजाऱ्याचा सोफा आता चितळासारखा दिसते.

तर म्हणणं एवढंच, फर्निचरवाल्यांनी बिलासोबत एक मराठी चिठ्ठी द्यावी, कापड आहे का कातडं आणि पाणी चालते का नाही. दोन ओळी होतात, जास्त नाही. आमच्या बिलावर नुसतं 'सोफा सेट १ नग' आहे. आणि तुम्हीही पुढच्या पुरवणीत साबणाची टीप दुरुस्त करून ती चार अक्षरं छापा, लग्नसराई तोंडावर आहे, गावोगाव आंदणात सोफे निघतील.

एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ