डेमोआधी आपली अडलेली प्रकरणे बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंजुऱ्या, खरेदी, बिले ही कामे सॉफ्टवेअरवर आणायची ठरली की बहुतेक कंपन्या आधी विक्रेत्यांना डेमोसाठी बोलावतात. चूक तिथेच होते आणि ती पुढे कित्येक वर्षे निस्तरावी लागते. डेमोत हमखास रजेचा अर्ज दाखवतात: कर्मचारी अर्ज भरतो, साहेब ‘मंजूर’वर क्लिक करतात, ईमेल जातो. एवढे तर बाजारातले कोणतेही सॉफ्टवेअर करते. खरी परीक्षा घ्यायची ती काम जिथे अडते तिथे.

ज्या प्रक्रियेचा सर्वांत जास्त त्रास होतो ती एकच घ्यावी, समजा खरेदीची मागणी. गेल्या तीन महिन्यांतली अडलेली, परत आलेली, रद्द झालेली 20 प्रकरणे फायलींतून बाहेर काढावीत. नियमपुस्तिका चालणार नाही, कारण काम कसे व्हावे तेवढेच तिच्यात असते. फायलीत वेगळेच दिसते. मागणीतल्या पाचपैकी तीनच वस्तू मंजूर झाल्या. मंजुरीनंतर पुरवठादाराने दर वाढवला. माल कमी भरला, बिल मात्र पूर्ण आले. ही प्रकरणे विक्रेत्यापुढे ठेवून ‘हे आत्ता इथे करून दाखवा’ म्हणावे. ‘कस्टमायझेशनमध्ये होईल’ असे उत्तर आले, तर त्या प्रत्येक बाबीचा खर्च आणि दिवस लेखी घ्यावेत.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: प्रक्रिया बदलली की चालू असलेल्या प्रकरणांचे काय होणार? समजा 140 मागण्या वाटेत आहेत आणि आजपासून मध्ये एक नवी तपासणी घालायची ठरली. बहुतेक इंजिनांत (प्रकरण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर नेणारा सॉफ्टवेअरचा गाभा) आधी सुरू झालेली प्रकरणे जुन्या आवृत्तीवरच चालत राहतात. त्यांना नव्या आवृत्तीवर न्यायचे तर जुनी कोणती पायरी नव्या कोणत्या पायरीशी जुळते, ते सांगावे लागते. प्रकरण ज्या पायरीवर उभे आहे तीच काढून टाकली असेल, तर ते कुठे न्यायचे हेही ठरवावे लागते. म्हणून डेमोतच 5 प्रकरणे वेगवेगळ्या पायऱ्यांवर थांबवावीत, एक पायरी काढायला व एक घालायला सांगावी आणि पाचही प्रकरणे हलवून दाखवायला लावावीत. ही सोय नसली की लोक जुनी प्रकरणे रद्द करून पुन्हा भरतात, आणि कुणी कधी काय मंजूर केले याचा माग तिथेच तुटतो.

प्रक्रियेच्या आकृत्या काढण्यासाठी बीपीएमएन 2.0 (पायऱ्या आणि वाटा दाखवण्याची ठरलेली चिन्हपद्धती) हे प्रमाण आहे. संगणक क्षेत्रातली मानके ठरवणाऱ्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ते 2011 मध्ये प्रसिद्ध केले आणि 2013 मध्ये त्याला आयएसओ 19510 हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक मिळाला. ते पाळणारेच सॉफ्टवेअर घ्यावे, पण आकृती काढता येणे आणि ती नीट चालणे यांत फरक आहे. आकृतीत वाट फुटते तिथल्या तिरक्या चौकोनात फुली असली तर फुटणाऱ्या वाटांपैकी एकच धरली जाते. अधिकचे चिन्ह असले तर सगळ्या वाटा एकदम सुरू होतात, आणि त्या जोडणारा अधिकचा चौकोन शेवटची वाट येईपर्यंत थांबतो. कुणी फुलीने वाट फोडून पुढे अधिकने जोडली, तर दुसरी वाट कधीच येत नाही आणि प्रकरण तिथेच अडकून पडते. एररही येत नाही. उलट केले, म्हणजे अधिकने फोडून फुलीने जोडले, तर पुढच्या पायऱ्या दोनदा होतात. चाचणीत या दोन्ही चुका मुद्दाम करून पाहाव्यात आणि सॉफ्टवेअर इशारा देते का ते बघावे.

प्रमाण पाळले म्हणजे उद्या सगळे उचलून दुसरीकडे नेता येईल, हाही गैरसमज आहे. आकृती जाते, पण फॉर्म, अटींची भाषा आणि इतर प्रणालींशी केलेल्या जोडण्या जात नाहीत. कॅमुंडा या प्रक्रिया चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचेच उदाहरण घ्या. त्याच्या 7 व्या पिढीच्या मोफत आवृत्तीचे शेवटचे प्रकाशन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. 8 व्या पिढीचे इंजिन वेगळे आहे, त्यामुळे एकाच घरातल्या उत्पादनावर जातानाही कोड आणि अटी नव्याने लिहाव्या लागतात. मोफत किंवा मुक्त सॉफ्टवेअर जरूर घ्यावे, पण देखभाल कोण करणार आणि किती वर्षे, हे आधी ठरवून.

मुदतींचेही असेच आहे. ‘48 तासांत मंजुरी नाही आली तर वरिष्ठांकडे’ असा नियम घातला आणि शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता मागणी आली, तर घड्याळ मोजणारे इंजिन रविवारी 5 वाजता मागणी वर पाठवते. कामाचे तास आणि सुट्यांचे कॅलेंडर जोडता येते का, आणि ते विभागागणिक वेगळे ठेवता येते का, हे पाहावे.

लेखा प्रणालीशी जोडणी असेल तर एक धोका मोठा आहे. सॉफ्टवेअरने बिलाची नोंद पाठवली, नोंद झाली, पण उत्तर वेळेत परत आले नाही. इंजिनाला वाटते काम फसले. ते पुन्हा पाठवते आणि एकाच बिलाची दोनदा नोंद होते. प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरच्या प्रणालीने तो नाकारायला हवा. चाचणीत उत्तर येण्याआधी नेटवर्क तोडून हे तपासावे.

काम व्यक्तीच्या नावावर नाही, पदावर सोपवता आले पाहिजे, आणि रजेच्या काळात ठरावीक तारखांपुरते अधिकार दुसऱ्याकडे देता आले पाहिजेत. ही सोय नसेल तिथे साहेबांचा पासवर्ड सहायकाकडे जातो, आणि मग नोंदवहीतल्या प्रत्येक ‘मंजूर’वरचा विश्वास संपतो. ऑडिटसाठीच घेतलेले सॉफ्टवेअर ऑडिटलाच निरुपयोगी व्हावे, ही फार वाईट गोष्ट आहे.

लायसन्सचा हिशेब स्वतः मांडावा. 300 माणसांपैकी रोज वापरणारी 25 आणि उरलेली महिन्यातून दोन-तीनदा एखादी मंजुरी देणारी असतील, तर दरडोई लायसन्स महागात पडते. एका वेळी लॉगिन असलेल्यांवर किंवा प्रकरणांच्या संख्येवर आकारणी आहे का ते विचारावे. चाचणी सर्व्हरचे पैसे वेगळे पडतात का, हेही. रंगीत आलेख आणि डॅशबोर्ड यांना मात्र निवडीत फार वजन देऊ नये. कच्चा डेटा मिळत असेल तर ते नंतरही करता येतात.

करारावर सही करण्याआधी एक तालीम जरूर करून घ्यावी. पूर्ण झालेली 100 प्रकरणे फॉर्ममधली माहिती, जोडलेली कागदपत्रे, शेरे आणि वेळेच्या नोंदींसकट बाहेर काढायला सांगावीत. फाइल हातात आली की त्यातले कोणतेही एक प्रकरण, सॉफ्टवेअर न उघडता, विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यावे. कुणी, केव्हा, काय ठरवले हे त्याला सांगता आले नाही, तर सही थांबवावी.

आपला,
एक प्रक्रिया-विश्लेषक