एसएस ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील) म्हणून दिलेले चिमणीचे फिल्टर गंजले, फिटिंगही चुकीचं, सहाच्या सहा बदलून द्या

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. फोनवर बोलून काही होत नाहीये म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतोय, सोबत बिल आणि फोटो जोडलेत, कृपया पूर्ण वाचा.

पारोळ्याजवळ सुरत-नागपूर हायवेवर आमचं शेवभाजी आणि भरीताचं हॉटेल आहे, मी, घरची मंडळी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो, घर यावरच चालतं. चिमणीचे जुने बॅफल, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांचे, फिल्टर वाकून गेले होते, पट्ट्यांमधली फट कुठं मोठी कुठं बारीक झाली होती, म्हणून दिवाळीच्या आधी तुमच्याकडून नवे सहा घेतले आणि तुमच्याच फिटरने येऊन बसवले. बिलावर स्पष्ट लिहिलंय एसएस ३०४, २० बाय २० बाय २ इंच.

बसवल्यापासून चुलीवर तेल ठिबकायला लागलं. साधं तेल नाही साहेब, काळ्या मसाल्याचा वास असलेलं, मधासारखं घट्ट, तपकिरी. एक थेंब भाकरीच्या तव्यावर पडला की चर्र आवाज करून धूर निघतो आणि ती भाकरी टाकून द्यावी लागते. आमचा कारागीर पूर्ण सीझन तव्यावर डोकं पुढं करून, वर बघत बघत भाकरी टाकत होता. आणि कंपनीत फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, तुमच्याकडं तर्रीच फार असते, शेवभाजीत तेल कमी करा.

तेल कमी करायला सांगणं हे सर्व्हिसचं उत्तर आहे का? फिल्टर तेलासाठीच तर लावतो ना माणूस. बॅफलचं काम सोपं आहे, गरम धूर पट्ट्यांच्या मधून वळणं घेत वर जातो, वळताना त्यातलं जड तेल पत्र्याला आपटून चिकटतं आणि पट्टीवरून खाली ओघळून, खालच्या भोकांतून पन्हळीत आणि पन्हळीतून वाटीत जातं. म्हणजे पट्ट्या उभ्याच पाहिजेत. फिल्टर चौकोनी असल्यामुळे तो खाच्यात कसाही बसतो आणि तुमच्या फिटरने सहापैकी चार आडवे बसवून दिले, भोकं बाजूला आणि पट्ट्या आडव्या, मग तेल उतरणार कुठून, ते पट्टीच्या खोबणीतच साचून काठावरून खाली पडत होतं. मी ते चारही काढून उभे बसवले आणि ठिबकणं थांबलं. शेवभाजी तीच, तेल तेवढंच. एवढ्यावरून चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

पण फिरवून सगळं सुटलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. फिल्टर २० इंच म्हणून दिलेत पण प्रत्येक थोडा थोडा कमी आहे, सहा ओळीने लावले की शेवटी दोन बोटं जाईल एवढी फट राहते. खाच्यात बसायला थोडं कमी ठेवतात हे मला माहिती आहे, पण मग उरलेल्या जागेत त्याच मापाची पत्र्याची पट्टी द्यायची असते. तुमच्या फिटरने तिथं अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा कोंबला! आठवड्याभरात तो निघून पडला. हवा सोपा रस्ता बघते, धूर सगळा त्या फटीतूनच ओढला जातो. भावाने डक्टचं, म्हणजे धूर वर नेणाऱ्या पाइपाचं, झाकण उघडून सराट्याने खरवडलं तर त्या बाजूला काळा, डांबरासारखा जाड थर आला आणि दुसऱ्या बाजूला पत्रा जवळपास स्वच्छ.

हा थर बघून मला झोप लागत नाही हे मी मनापासून सांगतो. फोडणीचा भडका रोज वर जातो. एक दिवस तो त्या फटीतून डक्टमधल्या तेलाला लागला तर आग पाइपातून थेट छतावर जाईल, तिथं ब्लोअर आहे, खाली १९ किलोच्या टाक्या आहेत, आणि बाजूच्या हॉलमध्ये लेकरंबाळं घेऊन लोक जेवायला बसलेले असतात. तेलाच्या आगीवर पाणी मारून पण चालत नाही.

आता गंजाबद्दल. मुठीच्या रिव्हेटला आणि कोपऱ्यातल्या वेल्डिंगला लाल डाग पडलेत, बोट फिरवलं की बोटाला लागतं. तुमच्याकडून उत्तर आलं की तुम्ही अ‍ॅसिडने धुता. आम्ही अ‍ॅसिड घरात पण आणत नाही. रात्री भट्टी बंद झाली की फिल्टर मोठ्या टबात उकळत्या पाण्यात आणि भांड्याच्या लिक्विडमध्ये भिजवतो, ब्रशने घासतो, पाणी निथळेपर्यंत उभे ठेवतो आणि सकाळी लावतो. कॉस्टिक सोडा तर जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या फिल्टरच्या वेळेसच बंद केला कारण त्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. धुळ्याच्या एका फॅब्रिकेटरकडं फिल्टर नेला, त्याने टेस्टिंगचं लिक्विड टाकून त्याला बॅटरीचा करंट दिला तर डाग लाल झाला, तो म्हणाला हे २०० सिरीजचं स्टील आहे, लोहचुंबकाने हा फरक कळत नाही म्हणून खपून जातं. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असतं, स्वस्त मालात ते कमी करून मँगनीज वाढवतात. लिक्विडची टेस्ट म्हणजे लॅबचा रिपोर्ट नाही, म्हणूनच मी तुमच्याकडं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, ते अजून आलेलं नाही. ३०४ चे पैसे घेतलेत तर कागद द्यायला अडचण काय आहे?

तुमच्या माणसाने आणखी एक सांगितलं की वांगी भाजल्यामुळे काजळी धरते. साहेब, वांगी आम्ही मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजतो, चिमणीखाली नाही, एकदा येऊन बघा. आणि वरून म्हणतो जाळीचे फिल्टर घ्या, स्वस्तात देतो. जाळीत तेल उतरत नाही, आतच अडकतं, ओढ कमी होते आणि भडका आला तर जाळीच पेटते. तुमच्या ब्रोशरवर एनएफपीए ९६ छापलंय, हॉटेलच्या चिमण्यांच्या त्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये अशी नुसती जाळी तेलाच्या स्वयंपाकावर लावायला मनाई आहे आणि फिल्टर किमान ४५ अंशात तिरपा, खाली तेल गोळा करायची सोय असलेला पाहिजे असं आहे. ब्रोशरवर छापता तर फिटरला पण शिकवा ना.

माझी मागणी एवढीच आहे की सहाही फिल्टर परत घ्या, खऱ्या ३०४ चे सर्टिफिकेटसहित द्या, फटीसाठी त्याच स्टीलची पट्टी करून द्या, आणि तुमच्या फटीमुळे भरलेला डक्ट तुमच्या खर्चाने साफ करून द्या. ते जमत नसेल तर जीएसटीसकट पूर्ण पैसे परत करा, मी दुसरीकडून घेतो. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, हे विचारून घेतलंय.

माणूस पाठवणार असाल तर दुपारी ३ ते ६ मध्ये पाठवा, तेव्हा भट्टी बंद असते आणि हूड थंड असतो. मागच्या वेळचाच फिटर पाठवलात तरी चालेल, पण सोबत मोजमाप कळणारा एक सिनियर माणूस पाठवा.

आपला,
हॉटेल मालक, पारोळा, जि. जळगाव