दागिने दिसतात, काम दिसत नाही

रविवारच्या पुरवणीतला राजघराण्यांवरच्या चरित्रपटांबद्दलचा लेख वाचला आणि भव्यता हीच या सिनेमांची खरी ताकद हे लेखकाचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मागच्या महिन्यात दादरला आईबरोबर असाच एक सिनेमा पाहिला, त्यात राणीच्या गळ्यातल्या तन्मणीवर कॅमेरा इतका वेळ थांबला की मोती मोजून झाले, आणि राज्यकारभार मात्र मागून आलेल्या निवेदनाच्या दोन वाक्यांत आटोपला.

आता बडोद्याच्या सयाजीरावांचंच बघा. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक जातो, गादीवर बसतो, अक्षरओळखीपासून शिकतो आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करतो, १९१३ मध्ये याच संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जातात, यात नाट्य कमी आहे का? शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तो हुकूम निघाला तेव्हा दरबारात कोण काय बोललं असेल, तो सीन मला बघायचाय! महाराज गेले ते आमच्या इथे खेतवाडीत, ६ मे १९२२ ला, आणि आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांना हे ठाऊकच नाही.

सेट आणि पैठण्यांवर खर्च करा, आमची ना नाही. पण पटकथा लिहायच्या आधी त्या राजाचे हुकूमनामे एकदा वाचा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई