मालवणच्या भरती-ओहोटीची वेळ बेळगावात छापून यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मालवणकडे गाड्यांची रीघ लागते. शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ हा रस्ता आपल्या लोकांना पाठ आहे. पहाटे निघायचे, आधी किल्ल्याची होडी गाठायची, मग माशाचे जेवण आणि जेवणानंतर समुद्रात डुंबणे, असा बहुतेकांचा बेत असतो. सीमाभागातल्या माणसाला मालवण आपले वाटते. भाषा आपली आणि समोर कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ ते १६६७ या काळात उभारलेला सिंधुदुर्ग. मुलाबाळांना तो दाखवायलाच हवा.

पण १५ एप्रिल २०१७ हा दिवस बेळगावला विसरता येणार नाही. मालवणजवळ वायरीच्या समुद्रात आपल्या शहरातून सहलीला गेलेले आठ जण त्या दिवशी बुडाले. त्यानंतर आपण घाटाखाली जाताना काही वेगळे शिकून जातो का, हा प्रश्न मला छळतो.

आपण घाटमाथ्यावरची माणसे. पोहायला शिकतो ते विहिरीत, नाहीतर मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभेच्या पाण्यात. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, नदीचे एकाच दिशेने जाते. समुद्राचे तसे नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा मिळाली की तिथून जोराने आत जाते. अशा जागी लाट फारशी फुटत नाही, पाणी शांत दिसते, म्हणून पोहता न येणारे लोक नेमके तिथेच उतरतात. या ओढीत सापडलेला माणूस तळाला खेचला जात नाही, खोल समुद्राकडे नेला जातो. तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो. खरे तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत गेले की ओढ सुटते. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहायचे आणि हात वर करून मदत मागायची. त्याच्यामागे बाकीच्यांनी साखळी करून पाण्यात धावू नये, दोरी किंवा रिकामा कॅन फेकावा आणि गावातल्या मच्छीमारांना हाक मारावी. सहलीआधी एका तासात हे कुठल्याही शाळेत शिकवता येईल.

शिवाय मालवणचा किनारा सगळीकडे सारखा नाही. चिवल्याचा किनारा बराच आडोशाचा, तिथे सागरी जलतरण स्पर्धाही होतात. किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक. दक्षिणेला तारकर्लीपासून देवबागपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. टोकाला नदी समुद्राला मिळते, तिथे वाळूचे पट्टे जागा बदलत राहतात. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी त्या तोंडातून बाहेर पडते, तेव्हा पट्टीचा पोहणाराही तिथे टिकत नाही. फोटो काढण्यासाठी सगळ्यात जास्त गर्दी मात्र तिथेच.

भरती-ओहोटी कळायला कोळ्याच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण होते, मग संध्याकाळपर्यंत पाणी ओसरत जाते. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. उधाणाच्या या दिवसांत पाण्याची चढउतारही सर्वांत मोठी असते. म्हणजे पौर्णिमेला गेलेला बेळगावकर जेवून दोन वाजता पाण्यात उतरतो, तो ऐन ओहोटीत. अष्टमीच्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळ येते आणि तिचा जोरही कमी असतो. सहलीची तारीख ठरवताना हे पाहायला काय हरकत आहे?

पावसाळ्याबद्दल वेगळे लिहायलाच नको. किल्ल्याची होडी बंद असते, किनाऱ्याला मात्र दार नसते. आंबोलीचा धबधबा पाहून मालवणला पुढे जाणाऱ्यांनी तेव्हा पाण्याला पायही लावू नये.

मालवण नगरपरिषदेला आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना विनंती, की प्रत्येक किनाऱ्याच्या वाटेवर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहिलेला फलक असावा, आणि तो मराठीबरोबर कन्नडमध्येही असावा. आमच्या भागातून येणाऱ्या गाड्यांत कन्नड वाचणारी कुटुंबेही असतात, जीव त्यांचाही तितकाच मोलाचा. जीवरक्षक सुट्टीच्या दिवशी अंधार पडेपर्यंत असावेत. इथल्या शाळा-महाविद्यालयांनी सहलीच्या परवानगीच्या कागदावरच ती वेळ लिहावी आणि पालकांनी ती पाहून सही करावी.

आपल्या दैनिकात सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ रोज छापली जाते. त्याच चौकटीत ऑक्टोबर ते मे मालवणच्या भरती-ओहोटीची वेळ द्यावी, ही आपल्याला कळकळीची विनंती. दोन ओळींची जागा लागेल. शनिवारच्या अंकात तरी ती यावी, कारण रविवारी पहाटे इथल्या गाड्या निघतात.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव