अकरा महिन्यांच्या कागदावरची बर्डी

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या सीताबर्डीच्या मेन रोडला लागून असलेल्या एका गल्लीत माझं कुर्त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय दहाचा गाळा. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसरीला पायरीवर थांबावं लागतं. भाडं महिना 40 हजार, डिपॉझिट 3 लाख. कागदावर मात्र भाडं 22 हजार आणि डिपॉझिट 1 लाख. वरचे 18 हजार दर पाच तारखेला पाकिटातून जातात, पावती नाही. कागद म्हणजे पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, मुदत अकरा महिने.

अकराच का, हे मी मालक काकाजींना विचारलं होतं. "ताई, बर्डीत असंच चालते. वर्षाच्या आत नोंदणी लागत नाही." दलालानं मान डोलावली, मी सही केली. चूक माझीही आहेच.

पुढे वकील मावसभावानं तो कागद पाहून कपाळाला हात लावला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 सांगतं की भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायचा परवाना), तो लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बरं, खर्च म्हणावा तर तीन वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्सचं भाडं 14 लाख 40 हजार, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज 90 हजार. त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 3,825 रुपये, वर नोंदणी फी 1 हजार. एवढ्यात शटरचं रंगकामही होत नाही. मालकांना जड जाते ती फी नव्हे. खरं भाडं कागदावर आलं की ते आयकरातही येतं.

गेल्या वर्षी मी प्लायवूडचे रॅक, काचेचं दार, दिवे केले. अडीच लाख गेले. दहाव्या महिन्यात काकाजींचा मुलगा आला आणि नव्या काचेवर बोटानं टकटक करत म्हणाला, "मेट्रोच्या दोन्ही लाइनी बर्डीतच भेटतात, ताई. गर्दी पाहा. पुढच्या करारापासून भाडं 55 हजार." नोंदलेला करार नसेल तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरावं, असंही तेच कलम म्हणतं. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची, ती ऐन दिवाळीच्या सिझनमध्ये? आणि तक्रार केली की शटरवर दुसरं कुलूप दिसणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

साहेब, दोनच मागण्या. दुय्यम निबंधकांचा, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कचेरीचा, माणूस आठवड्यातून एक दिवस बर्डीत बसवा, गाळ्यांचे करार तिथंच नोंदवून घ्या. आणि कलम 55 खाली नागपुरात आजवर किती मालकांवर खटले भरले, तो आकडा जाहीर करा. शून्य असेल तर शून्य.

येत्या पाच तारखेला काकाजींचा मुलगा उत्तर न्यायला येतो आहे. 40 हजार भाडं लिहिलेला कराराचा मसुदा मी गल्ल्याखाली ठेवला आहे. पाकीट अजून भरलेलं नाही.

आपली,
बर्डीतील एक दुकानदार