मेगावॉटची बातमी, युनिटचे भांडण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छतावरची सौर वीज, विजेवरची वाहने, जैतापूरचा अणुप्रकल्प, कोळसा बंद करावा की नाही, या विषयांवर अनोळखी माणसे ऑनलाइन मध्यरात्रीपर्यंत भांडत असतात. भांडण तापले की कोणी कोणाला पक्षाचा भाट ठरवतो, कोणी तेल कंपनीचा दलाल. पण सुरुवातीचे चार-पाच संदेश नीट वाचले तर बहुतेक वेळा दोघांकडेही खरा आकडा असतो. एकाने एक गोष्ट मोजलेली असते, दुसऱ्याने दुसरी. आणि तो आकडा पुष्कळदा वर्तमानपत्राच्या मथळ्याचे छायाचित्र म्हणून तिथे आलेला असतो. म्हणून हे पत्र आपल्याला.

सर्वांत जुनी गल्लत मेगावॉट आणि युनिटची. मेगावॉट म्हणजे नळाची धार किती मोठी. युनिट म्हणजे दिवसभरात किती हंडे भरले. १ किलोवॉटचे यंत्र पूर्ण क्षमतेने १ तास चालले की १ युनिट होते. ‘दररोज ५ मेगावॉट वीजनिर्मिती’ या मथळ्यातून हंडे किती भरणार ते कळतच नाही. सौर प्रकल्प रात्री बंद, सकाळ-संध्याकाळी मंद आणि पावसाळ्यात ढगाखाली. महाराष्ट्रात जमिनीवरच्या साध्या सौर प्रकल्पाचा वर्षभराचा क्षमता-वापर, म्हणजे सतत पूर्ण क्षमतेने चालल्यास जेवढी वीज झाली असती तिच्यापैकी प्रत्यक्षात होणारा भाग, २० टक्क्यांच्या आसपास असतो. १९ टक्के धरले तर ५,००० किलोवॉट × ८,७६० तास × ०.१९ म्हणजे सुमारे ८३ लाख युनिट. देशातल्या औष्णिक केंद्रांचा हाच दर अलीकडे ७० टक्क्यांच्या जवळ आहे. त्यांच्या ५ मेगावॉटमधून वर्षाला ३ कोटी युनिट निघतात. ‘चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या २,९२० मेगावॉटच्या जागी तेवढेच सौर उभारा’ असे लिहिणारा इथे चुकतो. त्याला उत्तर देताना ‘सौर पॅनेल २० टक्केच काम करते, म्हणजे ते निकामी’ म्हणणाराही चुकतो. पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी २०-२२ टक्के ऊर्जेची वीज होते, हा एक आकडा. वर्षभरातल्या क्षमता-वापराचा २० टक्के हा दुसरा. दोन्ही योगायोगाने जवळ आहेत, त्यामुळे ते बेधडक एकमेकांच्या जागी वापरले जातात.

‘रात्रीचे काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि सौरसमर्थकांनी तो झटकू नये. त्याला साठवण लागते. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून ते काम करतो: मागणी कमी असताना खालचे पाणी वरच्या जलाशयात चढवायचे, मागणी वाढली की तेच खाली सोडायचे. अशा प्रकल्पांत चढवायला लागलेल्या विजेपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास परत मिळते. साठवणीच्या बातमीत तर दोन आकडे हवेतच, किती मेगावॉट आणि किती तास. एकटा मेगावॉटचा आकडा तिथे काहीच सांगत नाही.

याच गल्लतीचे राष्ट्रीय रूप २०२५ च्या जूनपासून दिसते आहे. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर, स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. त्यात मोठे जलविद्युत आणि अणुप्रकल्पही धरलेले आहेत. ‘भारताची अर्धी वीज स्वच्छ झाली’ असे एकाने लिहिले. दुसऱ्याने कोळशाच्या विजेचा वाटा जवळपास तीन-चतुर्थांश असल्याचे दाखवून त्याला खोटारडा ठरवले. वस्तुस्थिती अशी की क्षमता निम्मी आहे आणि प्रत्यक्ष युनिटमध्ये कोळसा अजून फार पुढे आहे. हे एवढे एक वाक्य कोणी वेळीच लिहिले असते तर पुढचे दोनशे संदेश टळले असते.

विजेवरच्या वाहनांचा वाद यापेक्षा खोल आहे, कारण तिथे दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. ‘ही गाडी कोळशावरच चालते’ या आक्षेपाला घोषणेने उत्तर देऊ नये, हिशेब मांडावा. स्कूटरला १०० किलोमीटरसाठी भिंतीच्या प्लगमधून, चार्जरची तूट धरून, साडेतीन युनिट लागतात असे माना. वीजकेंद्रापासून घरापर्यंत सुमारे सहावा भाग वाटेत गळतो, म्हणजे केंद्रात ४.२ युनिट तयार व्हावी लागतात. देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. हा सरासरी गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. ०.७२ धरला तर उत्तर येते ३ किलो. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जात असेल तर तिला १०० किलोमीटरला २.२ लिटर लागतात, आणि एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो वायू निघतो. म्हणजे ५ किलो. फरक २ किलोचा. ३ युनिटची बॅटरी बनवताना दोन-तीनशे किलो उत्सर्जन झाले असे धरले तरी ते दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये भरून निघते. दुचाकीच्या बाबतीत आजच्या कोळशाच्या ग्रिडवरही वाद उरत नाही.

मोटारीचे तसे नाही. मध्यम आकाराच्या विजेवरच्या मोटारीला १०० किलोमीटरला प्लगमधून १५ युनिट, केंद्रात १८, उत्सर्जन १३ किलो. पेट्रोल मोटार लिटरला १६ किलोमीटर गेली तर १४.४ किलो. शहरातल्या गर्दीत ती १२ वर येते आणि आकडा १९ किलोवर जातो. महामार्गावर २० मिळाले तर ११.५ वर उतरतो. ३० युनिटची बॅटरी घडवताना दोन-तीन टन वायू निघून गेलेला असतो, तो वेगळा. त्यामुळे शहरात रोज फिरणाऱ्या गाडीची भरपाई ४० हजार किलोमीटरच्या आसपास होते, तर फक्त महामार्गावर धावणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर आजच्या ग्रिडवर विजेची गाडी जिंकतेच असे नाही. तेलशुद्धीकरणातले आणि कोळसा खाणीतले उत्सर्जन या हिशेबात नाही. ते धरले तर आकडा दोन्हीकडे थोडा वाढेल. ग्रिडमधला कोळसा पुढच्या दहा-बारा वर्षांत कमी होईल तसा त्याच विजेच्या गाडीचा आकडा सुधारत जाईल, पेट्रोल गाडीचा सुधारणार नाही, हे मात्र समर्थकांनी ठासून सांगावे. दुपारी सौर वीज भरपूर असताना चार्ज करणे आणि रात्री चार्ज करणे यातला फरकही सांगावा. आणि शहराच्या हवेतला धूर हा हिशेब मुळात वेगळा आहे. कार्बनचा मुद्दा अडचणीत आला की धुरावर उडी मारायची, ही सवय वाद नासवते.

छतावरच्या सौर संचाबद्दल ‘फसवणूक झाली’ असे बिलाच्या छायाचित्रासह लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना लगेच खोडून काढू नये, कारण काही तक्रारी खऱ्या असतात. पण आधी चार गोष्टी विचारायला हव्यात. बिल कोणत्या महिन्याचे? राज्यात १ किलोवॉटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास पडते, जुलै-ऑगस्टमध्ये ती निम्म्यावर येऊ शकते. संच किती किलोवॉटचा? सकाळी १० आणि दुपारी ४ वाजता पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते का? पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावलीही तिच्या आकाराच्या मानाने फार जास्त वीज खाते. शेवटचे, इन्व्हर्टरवरचा (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावरचा) आकडा आणि बिलावरचा आकडा यांची तुलना कशी केली?

या चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. इन्व्हर्टर ३५० युनिट दाखवतो, बिलावर निर्यात २१० युनिट दिसते, आणि १४० युनिट वीज कंपनीने गिळले असा आरोप होतो. नेट मीटर, म्हणजे ग्रिडला दिलेली आणि ग्रिडमधून घेतलेली वीज मोजणारा मीटर, इन्व्हर्टरच्या पुढे, घर आणि तारा यांच्या मध्ये बसलेला असतो. दिवसा फ्रिज, पंप, वॉशिंग मशीन यांनी वापरलेले १४० युनिट त्या मीटरपर्यंत पोहोचतच नाहीत; उरलेले २१० तेवढे बाहेर जातात. त्या १४० युनिटचा फायदा ग्राहकाला आधीच मिळालेला असतो, कारण तेवढी वीज त्याने विकत घेतली नाही. निर्यातीत स्वतःचा दिवसाचा वापर मिळवून बेरीज इन्व्हर्टरच्या जवळपास येत नसेल, तर मात्र मीटर तपासणीचा अर्ज करावा. नेट मीटर असला तरी स्थिर आकार भरावाच लागतो, हेही ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजनेच्या नावातला ‘मुफ्त’ शब्द वाचून अनेकांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ते संचाच्या किमतीवर आहे, बिलावर नाही.

‘छतावर सौर आणि तरी वीज गेली की घरात अंधार’ हा आणखी एक नेहमीचा आरोप. ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर तारेतली वीज गेली की मुद्दाम बंद होतो. तसा झाला नाही तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगात त्या घरातली वीज जाईल. वीज गेल्यावरही चालायला हवे असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. विक्रेत्याने हे आधी सांगितले नसेल तर राग त्याच्यावर काढावा. तसेच ‘विदर्भात ४५ अंश तापमान, म्हणजे सौर वीज सर्वांत जास्त’ हेही खरे नाही. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन ०.३५ टक्क्यांच्या आसपास घटते. तापलेल्या छतावर पॅनेल ६५ अंशांना पोहोचले की १४ टक्के गेले. छत आणि पॅनेल यांच्यात वारा खेळायला जागा ठेवतात ती यासाठी.

राजकारणाच्या वादातही मापाचीच अदलाबदल चालते. वर्षाच्या एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे. दरडोई पाहिले तर भारतीय माणसामागे साधारण २ टन, जगाची सरासरी पावणेपाचच्या जवळ, चीन ८ च्या वर, अमेरिका १४ च्या आसपास. औद्योगिक युगापासूनची बेरीज घेतली तर अमेरिकेचा वाटा जवळपास चौथा हिस्सा, भारताचा ४ टक्क्यांच्या घरात. तिन्ही आकडे खरे. पहिला वापरणारा देशद्रोही ठरत नाही आणि तिसरा वापरणारा पळपुटा ठरत नाही. आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत हे दोघांनी सांगावे. ‘उद्या हवेत काय जाणार’ यासाठी पहिला लागतो, ‘पैसे कोणी भरावेत’ यासाठी तिसरा.

काही वाद तर हिशेबाने मिटणारच नाहीत, हे ओळखणे जास्त कठीण आहे. जैतापूरच्या प्रस्तावित ९,९०० मेगावॉटमधून ८० टक्के वापराने वर्षाला सुमारे ६,९०० कोटी युनिट निघतील. तेवढ्यासाठी सौर क्षमता चौपट लागेल आणि जमीन लाखांवर एकर. हे गणित बरोबर असूनही तिथल्या माडबनच्या माणसाचा जमिनीचा किंवा साखरी नाट्याच्या मच्छीमाराचा समुद्राचा प्रश्न त्याने सुटत नाही. धोका कोणी सोसावा, हा न्यायाचा प्रश्न आहे. त्याला युनिटचे कोष्टक चिकटवणारा माणूस समोरच्याचे ऐकतच नसतो.

घाईचेही तसेच. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले आणि पहिल्या काही तासांतच जगभर निकाल लागला: सौर वीज दोषी. जूनमध्ये स्पेन सरकारचा अहवाल आला. त्यात कारण निघाले ते ग्रिडमधला विजेचा दाब (व्होल्टेज) नियंत्रणाबाहेर वाढत जाणे आणि तो आवरण्याची पुरेशी व्यवस्था त्या दिवशी नसणे. नियोजित पारंपरिक केंद्रांनी अपेक्षेइतका दाब आवरला नाही आणि पाठोपाठ निर्मिती केंद्रे ग्रिडपासून सुटत गेली. ‘सौर पूर्ण निर्दोष’ आणि ‘सौरनेच बुडवले’ या दोन्ही घोषणांना त्यात आधार नाही. मोठा बिघाड झाला की पहिल्या दिवशी फक्त एवढेच लिहावे: वीज किती वाजता गेली, कुठे गेली, कधी आली.

अनोळखी माणसाशी बोलायला बसणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. उत्तर टंकण्याआधी त्याच्या आकड्याचे एकक, ठिकाण, वर्ष आणि तुलना कशाशी, हे विचारा. मथळ्याचे छायाचित्र आले तर तारीख आणि मूळ बातमी मागा. त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत लिहून ‘असेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारा. निम्मे वाद तिथेच वळण घेतात. त्याचे जे बरोबर असेल ते आधी मान्य करा. दोनदा विचारूनही एकक मिळाले नाही तर थांबा. तो संवाद वाचणाऱ्या शांत माणसांसाठी आपला हिशेब एकदा नीट मांडा आणि बाहेर पडा.

आपल्याकडे मागणी एकच. वीज प्रकल्पाच्या प्रत्येक बातमीत क्षमतेबरोबर वर्षाचे अपेक्षित युनिट द्यावेत, साठवण असेल तर तास द्यावेत, आणि ‘इतक्या घरांना पुरेल’ असे लिहिताना एका घराला महिन्याला किती युनिट धरले ते कंसात द्यावे. नमुना असा: ‘५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प, वर्षाला अपेक्षित निर्मिती सुमारे ८३ लाख युनिट, महिना १०० युनिट वापरणाऱ्या सुमारे ६,९०० घरांच्या वार्षिक वापराइतकी, रात्रीच्या पुरवठ्याची सोय नाही.’ मथळ्यात जागा नसेल तर पहिल्या परिच्छेदात चालेल.

कळावे,
वीज क्षेत्रात काम केलेले काही वाचक, पुणे